डाळीचं पाणी

मूर्तिजापूरला कोणी फिरायला जात नाही. मी गेले, तेही दिवाळीच्या तोंडावर, घरच्या चकल्यांचं पीठ तसंच झाकून ठेवून. तेव्हा डोंगरदऱ्या, धबधबे वगैरे वाचायला मिळतील या आशेवर असलेल्यांनी आधीच सावध व्हावं. या प्रवासात बघण्यासारखी जी मुख्य गोष्ट होती ती जमिनीखाली, अंधारात होती आणि मी स्वतःही ती डोळ्यांनी पाहिलेली नाही.

मी काय काम करते हे सांगितलं की माणसं लगेच विषय बदलून मुलाबाळांची चौकशी करतात. खडकाला बारीक फटी असतात. त्यांतून पाणी वाहतं. पाण्यात विरघळलेली खनिजं फटीच्या भिंतींवर साचत जातात आणि फट हळूहळू बुजते. हे किती वेगाने होईल आणि त्यामुळे पाणी किती कमी होईल, याचं गणित मी पुण्यात एसीच्या खोलीत बसून, चहा पीत, संगणकावर मांडते. त्या गणितातली एकच गोष्ट इथे लक्षात ठेवली तरी पुरे. फट निम्मी झाली की पाणी निम्मं होत नाही, जेमतेम आठवा हिस्सा उरतं. उलटही तितकंच खरं आहे. फट दुप्पट झाली की पाणी आठपट येतं.

निखिल हा माझा जुना विद्यार्थी, आता अकोल्याला एका कॉलेजात शिकवतो. त्याचा सोमवारी फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती. मूर्तिजापूरपासून थोड्या अंतरावर त्याच्या मावशीचं शेत आहे. तिथल्या बोअरचं पाणी दरवर्षी कमी होत चाललं होतं. पावसाळा नुकताच संपलेला, बोअरमध्ये पाणी वरपर्यंत उभं, पण मोटर लावली की थोड्या वेळात खडखडाट. म्हणजे पाणी आहे, पण आत यायची वाट बुजली आहे. निखिलने माझाच प्रोग्रॅम चालवून बघितला. प्रोग्रॅम म्हणाला, फटीत पांढरं कॅल्साइट साचलंय, ॲसिड ओता, ते विरघळेल आणि पाणी पूर्ववत होईल. त्याच्या मावसभावाने अमरावतीकडचा एक ॲसिडवाला ठरवलाही होता. तो गुरुवारी संध्याकाळी येणार होता.

"मॅडम, तुमचं मॉडेल पहिल्यांदाच शेतात उतरतंय!" निखिल म्हणाला.

मी त्याचं अभिनंदन केलं. कौतुक कोणाला नको असतं? मग सहज त्याला गावाचा ठिपका नकाशावर पाठवायला सांगितलं, आणि तो बघितल्यावर हातातला चहा तसाच राहिला.

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या मधोमध, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाण पट्टा पसरलेला आहे. तिथे जमिनीतलं पाणी खारट लागतं. निखिलचा ठिपका बरोबर त्या पट्ट्याच्या काठावर होता. शेताच्या एका बाजूला गोड्या पाण्याचा काळा खडक, दुसऱ्या बाजूला खाऱ्या पाण्याने भरलेली गाळाची माती. काठावरच्या खडकातल्या फटी दोन्हीकडे जाऊ शकतात. गोड्या पाण्याच्या फटीत खनिज साचलं तर ते नुकसान. पण खाऱ्या पाण्याच्या फटीत साचलं असेल तर ते बूच आहे, आणि ते बूच आहे म्हणून बोअर गोडी आहे. ॲसिडला यातला फरक कळत नाही. प्रोग्रॅमला खाऱ्या पाण्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्यानेही काही सांगितलं नव्हतं.

"मी येईपर्यंत एक थेंब ओतू देऊ नकोस," मी निखिलला सांगितलं आणि तिकीट काढलं.

बुधवार

शेगावला गाडी थांबली तेव्हा कचोरी घेतली. भूक नव्हती, पण शेगावहून कचोरी न खाता पुढे गेलेली बाई म्हणून ओळख सांगायची माझी इच्छा नव्हती. समोरच्या बाकावर एक आजीबाई होत्या. त्यांनी मला कुठे जाता विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. पुण्यात यावर कोणी विचारलं असतं, कोणाकडे? आजीबाईंनी विचारलं, "पानी कसं हाये तिथचं?"

"गोड आहे म्हणतात."

"मंग नशीबवान हायेत लोकं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. मी उरलेली कचोरी कागदात गुंडाळून ठेवली.

(त्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर पुढच्या उन्हाळ्यात तिथे टँकर जाऊन उभे राहतील.)

मूर्तिजापूरला निखिल मोटारसायकल घेऊन आला होता. स्टेशनाच्या कडेला शकुंतला या जुन्या छोट्या रेल्वेचे अरुंद रूळ गवतात बुडालेले दिसतात. ते नीट बघायची माझी इच्छा होती, पण निखिल मला गाडीवर बसवून निघालाही. तो सारखा माफी मागत होता आणि मी "अरे, समोर बघ" म्हणत होते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटायला आलेला कापूस, मधून तुरीच्या ओळी. डोंगर नाही, टेकडी नाही, डोळ्यांना टेकायला काही नाही. ऑक्टोबरचं ऊन तर असं की पुण्यात मे महिन्यात आम्ही त्याच्या निम्म्या उन्हाला वैतागतो.

मावशींचं नाव वच्छलाबाई मेहरे. माझ्याहून थोड्या मोठ्या, सडपातळ, आवाज खणखणीत. मुलगा दीपक तिशीचा. घर पिढीजात भाजी आणि फुलांचं, त्यामुळे अंगणातच कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचं काम चालू होतं. दीपकने या वर्षी नेहमीच्या दुप्पट झेंडू लावला होता, अमरावतीच्या बाजारात दिवाळीला न्यायला. घरामागे शेत सुरू होत होतं आणि झेंडू कळ्यांनी भरून गेला होता. आता त्याला नीट पाणी मिळालं तरच फुलं वेळेवर मोठी होणार होती. तो माझ्याशी अदबीने बोलला, पण नजर म्हणत होती की बाई, तुम्ही कशाला आलात?

वच्छलाबाईंनी दोन तांबे पुढे ठेवले. "हात-पाय धुवाले हे घ्या. हे प्याले."

पहिल्या तांब्यातलं पाणी गावाच्या नळाचं, मचूळ. दुसऱ्यातलं बोअरचं. दिसायला दोन्ही सारखीच. मी दुसरं प्यायले आणि मला वाईट वाटलं, कारण ते खरोखरच फार गोड होतं.

त्या घरात पाण्याच्या दोन जाती आहेत. एक वापराचं आणि एक डाळीचं. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, कितीही उकळा, दाणा टचटचीत राहतो. त्यामुळे गल्लीतल्या बायका रोज सकाळी वच्छलाबाईंच्या बोअरवर येतात आणि एकेक गुंड, म्हणजे घागर, भरून डाळीचं पाणी नेतात. प्यायचं पाणी हल्ली कॅनमधून विकत मिळतं, पण कॅनचं पाणी डाळीत ओतायचं जिवावर येतं. आम्हा पुण्याच्या लोकांना वरण म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटतं. इथे वरण शिजणं ही घराची पत आहे.

"माह्यं माहेर दर्यापूरकडचं," वच्छलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "आमच्या इकडं सारं खारं. माह्या बापानं इथं येऊन पयले पानी पेलं, मंग पोरगी देल्ली. नवरदेव नंतर पाह्यला."

"आणि तुम्ही?"

"मी तं लगनानंतरच्या पयल्या दिवशी वरन करून पाह्यलं. अशी मऊ शिजली दाळ! मी चुलीपाशी बसून रडली. सासू म्हने, काहून रडतं वं? आता काय सांगू तिले?"

त्या वेळी हे पाणी जुन्या विहिरीचं होतं. ती आटल्यावर त्याच शेतात बोअर घेतली. त्या रात्री ताटात वरण आलं, त्यावर तूप, बाजूला ठेचा. निखिल मान खाली घालून जेवत होता.

गुरुवार

सकाळी बायका पाणी भरून गेल्यावर मी अंगणात आले आणि दारातली रांगोळी बघून थबकले. ती चकाकत होती. आमच्या रांगोळीसारखी मेलेली पांढरी नव्हती, उन्हात बारीक बारीक लुकलुकत होती.

"बोअर खंदली तवा निघाली हे," वच्छलाबाई म्हणाल्या. "भुकटी. डबा भरून ठेवला मी. इतकी चांगली चीज काहून फेका?"

मी चिमूटभर भुकटी बशीत घेतली आणि वर लिंबू पिळलं. भुकटी सरसरून फेसाळली.

"बाप्पा! हे तं सोड्यावानी करते!"

लिंबासारख्या साध्या आंबटाने जर इतकी फेसाळते, तर ॲसिडपुढे तिचा काय टिकाव लागणार? मी दीपकला विचारलं, ही भुकटी बोअरच्या कुठल्या खोलीवर निघाली? त्याला नीट आठवत होतं, कारण त्या दिवशी अर्धं गाव मशीनभोवती उभं होतं. वरची माती संपली, काळा खडक लागला, मग हा पांढरा पट्टा आला, जवळपास कोरडा. मशीनवाला म्हणाला, इथे काही नाही, बंद करू. वच्छलाबाई म्हणाल्या, अजून खाली जा. बऱ्याच खाली गेल्यावर गोडं पाणी लागलं. वरच्या मातीपुरताच पाइप घातलेला होता, त्याखाली उघडा खडक. म्हणजे ॲसिड ओतलं तर ते खालच्या गोड्या फटीलाही लागणार होतं आणि वरच्या पांढऱ्या पट्ट्यालाही. आणि पांढरा पट्टा नेमका त्याच पातळीला होता ज्या पातळीला नदीकडच्या मातीत खारं पाणी साठलेलं असतं.

मी हे दीपकला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि मग भडकला.

"म्याडम, तुमचाच प्रोग्राम म्हनते ॲसिड टाका. आता तुमीच येऊन म्हनता नोका टाकू. मंग खरं कोन?"

"प्रोग्रॅमला अर्धंच माहीत होतं."

"अन् तुमाले पूर्न माईत हाये?"

"नाही," मी म्हणाले. "पण बघता येईल."

बघायची रीत साधी होती. मोटर लावून बोअरमधलं पाणी खाली न्यायचं, पांढरा पट्टा उघडा पडेपर्यंत. मग ऐकायचं. पट्ट्यातून काहीच आलं नाही तर नक्की काही कळणार नाही, तोवर ॲसिड थांबवायचं. पाणी ठिबकलं आणि ते गोडं असलं, तरी हरकत नाही, खुशाल ॲसिड ओता. खारं ठिबकलं तर मात्र ते बूच आहे, आणि तेही पूर्ण घट्ट नसलेलं. धोका एवढाच होता की पट्ट्यामागे खारं पाणी उभं आहे आणि पुढून बोअरमधलं पाणी त्याला रेटून धरतं. पुढचं पाणी फार खाली नेलं तर मागचा जोर वाढणार. म्हणून पट्टा उघडा पडताक्षणी मोटर बंद करायची. हे मी दीपकला दोनदा बजावलं, निखिलला तीनदा.

पाणीपातळी मोजायची टेप मी पुण्याहून आणली होती. पाण्याला टेकली की ती पिप् असा आवाज करते. दीपकने मोटर लावली. पाणी चारीतून झेंडूकडे पळू लागलं. मी टेप सोडत होते, पिप् ऐकत होते, निखिल बाहेर येणाऱ्या पाण्यात क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून आकडा सांगत होता. आकडा हलत नव्हता. पट्टा आता अगदी जवळ आला होता.

तेवढ्यात लाइट गेली.

"गेली आता," दीपक म्हणाला. "दिवसभर येत नाई मंग. चला, जेवून घेऊ."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. परीक्षा पुढे ढकलली गेल्यावर पोरांना वाटतं तसं. आम्ही घराच्या ओसरीत जेवायला बसलो. आलू-वांग्याची भाजी होती, लाल तर्रीची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि कच्चा कांदा. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं तसे सगळे हसले. दीपकही हसला. त्याने मला ताकाचा पेला दिला आणि विचारलं, पुण्याच्या बाजारात झेंडू कोणता चालतो, केशरी की पिवळा? सकाळपासून पहिल्यांदाच आम्ही माणसांसारखे बोलत होतो.

वच्छलाबाईंनी हात वर केला. "थांबा. मोटर सुरू हाये."

"लाइट कुठं हाये, माय?"

"मी म्हनतो नं सुरू हाये!"

"ऑटो," दीपक म्हणाला आणि ताटावरून उठून पळाला.

शेतीची वीज कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून त्या भागात स्टार्टरच्या पेटीला एक छोटा स्विच जोडून ठेवतात. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते, माणसाला रानात बसून वाट बघावी लागत नाही. सगळ्यांच्या इतक्या अंगवळणी पडलेली ही सोय, की ती बंद करायला हवी हे तिथल्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. मला तर असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. आम्ही घरच्या पंख्याकडे बघून वीज नाही समजत होतो, आणि शेताची वीज वेगळ्या तारेवरून केव्हाच आली होती.

आम्ही पोचलो तेव्हा मोटर खडखडत होती. दीपकने तिचा खटका खाली ओढला. मी टेप सोडली. सोडत गेले. पांढरा पट्टा मागे गेला, टेप खाली जातच राहिली, आणि पिप् काही वाजेना. शेवटी वाजली तेव्हा टेप जवळजवळ संपत आली होती. पाणी फार, फार खाली गेलं होतं.

मी बोअरच्या तोंडाशी गुडघे टेकले आणि पाइपाच्या फटीला कान लावला. टप्. टप् टप्. आत कुठेतरी पाणी पडत होतं. नळ नीट बंद न केल्यावर रिकाम्या बादलीत पडतं तसं, फक्त न थांबता.

खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आम्ही सुतळीला बांधून पट्ट्याच्या जरा खालपर्यंत सोडली. थोडा वेळ तशीच लटकत ठेवली आणि हळूहळू वर ओढून घेतली. बाटलीच्या तळाशी घोटभर पाणी होतं. मी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि बाटली दीपकला दिली. त्याने उरलेलं तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं.

"खारं," तो म्हणाला.

निखिलने बाटली मावशीपुढे धरली. वच्छलाबाईंनी ती घेतली नाही. "मले कायले देता? मी त्याच पान्यावर वाढली."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता हे सारं खाली गोड्या पान्यात पडून राह्यलं नं?"

"हो."

"गोडं पानी खराब होईन?"

"मला माहीत नाही."

चारीत शेवटी आलेल्या पाण्यात बुडवलेला मीटर म्हणत होता की होतंय. सकाळी न हलणारा आकडा आता चढला होता. मी इथे वाचवायला आले होते, आणि गल्लीभरच्या बायकांच्या पाण्यात मीठ सोडून बसले होते. पट्टा उघडा करायची कल्पना माझी होती. मला तिथल्या तिथे रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. वच्छलाबाईंनी पदराने माझ्या कोपरावरचा चिखल पुसला, डोळ्यांकडे लक्ष नसल्यासारखं केलं.

आता एकच उपाय होता. मोटर बंद ठेवायची, खालच्या फटीतून गोडं पाणी परत भरू द्यायचं, म्हणजे ते वर चढून पट्ट्याला पुन्हा रेटून धरेल. भरायला किती वेळ लागेल ते खालची फट किती बुजली आहे त्यावर होतं. माझं सारं आयुष्य ज्या गणितात गेलं तेच गणित, पण आता ते दुसऱ्याच्या घरात घडत होतं. दीपकने ऑटोची तारच उपटून टाकली.

संध्याकाळी ॲसिडवाला आला. टेम्पोत निळे ड्रम, पायात गमबूट. माणूस बोलका होता, त्याने मला समजावून सांगितलं की अशा कितीतरी बोअर त्याने मोकळ्या केल्या आहेत, आणि मला त्यात खोटं काही वाटलं नाही. खाऱ्या पट्ट्यापासून दूर असती तर ही बोअरही त्याने मोकळी करून दिली असती.

दीपक त्याला म्हणाला, "परत न्या भाऊ."

"काहून? उद्या येऊ का मंग?"

"नोका येऊ. आमचं बूच हाये ते."

त्या संध्याकाळी घरात डाळ चढली नाही. पिठलं केलं, कारण पिठल्याला पाणी कसंही चालतं. जेवताना मी दीपकला सांगितलं की खालची फट आता मोकळी करता येणार नाही, पण ती आणखी बुजू नये असं करता येईल. मोटर जोरात ओढते तेव्हा खडकातल्या पाण्याचा दाब एकदम उतरतो, सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं त्यातली हवा निघून जाते आणि पांढरा थर फटीच्या तोंडाशीच बसतो. मोटर हळू चालवली, व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवला, तर थर कमी बसेल. शिवाय पाणी पट्ट्याच्या खाली कधी जाणार नाही.

"अर्ध्या व्हॉल्व्हवर सारा झेंडू नाई भिजनार," तो म्हणाला.

"नाही भिजणार."

पण झेंडूचा प्रश्न नंतरचा होता. आधी बोअर गोडी राहिली आहे का, हेच ठाऊक नव्हतं.

शुक्रवार

उजाडताच मी टेप सोडली. पाणी पट्ट्याच्या वर आलं होतं. कान लावला, आत शांत होतं. दीपकने मोटर थोडा वेळ चालवली आणि मी मीटर बुडवला. आकडा कालच्या संध्याकाळपेक्षा उतरला होता, पण काल सकाळच्या जागी आला नव्हता. मधेच कुठेतरी होता. या आकड्याला डाळ शिजते की नाही, हे मीटरवर लिहिलेलं नसतं.

एव्हाना बायका आल्या होत्या, गुंड कमरेवर घेऊन. वच्छलाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. "आज पयले मी पाहीन. मंग भरा."

बोअरशेजारीच तीन दगडांची चूल होती, मजुरांच्या चहाची. तिच्यावर त्यांनी पातेलं चढवलं, त्यात बोअरचं पाणी आणि मूठभर तुरीची डाळ. निखिल म्हणाला, कुकर आणू का, लवकर होईल.

"कुकरात गोटेही शिजतीन," वच्छलाबाई म्हणाल्या. "गप उभा राह्य."

पाण्याला उकळी आली. बायका आधी आपसांत बोलत होत्या, कोणाची सून माहेरी गेली, कोणाचं करंजीचं सारण करपलं. मग एकेक करून त्या पातेल्याभोवती सरकल्या. मी मीटर पिशवीत टाकून दिला. वच्छलाबाईंनी पळीने एक दाणा काढला, फुंकला आणि अंगठ्याखाली दाबला. दाणा चपटा झाला, पण मधे कणी राहिली. मला ती कणी दिसली. एका बाईने गुंड या कमरेवरून त्या कमरेवर घेतला.

"काहो?" तिने विचारलं.

"थांब नं वं," वच्छलाबाई म्हणाल्या आणि चुलीत आणखी एक काटकी सारली.

दीपक स्टार्टरच्या पेटीला टेकून उभा होता. त्याचं लक्ष पातेल्याकडे नव्हतं, आईच्या पाठीकडे होतं. मला आठवलं, याच बाईने लग्नानंतर पहिल्याच दिवशी याच शेतातल्या पाण्यात डाळ शिजवली होती. आता ती पुन्हा नवी नवरी होऊन बसली होती आणि या खेपेला शिजली नाही तर त्याचं कारण मी असणार होते. मी मनातल्या मनात हात जोडले. कोणाला जोडले ते मला सांगता येणार नाही, मी त्यातली नाही.

त्यांनी पुन्हा दाणा काढला. दाबला. या वेळी तो अंगठ्याखाली लोण्यासारखा पसरला. त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला, तेही पसरले. मग त्यांनी बोट माझ्यापुढे केलं. मी त्यावरची डाळ चाटून घेतली, भर शेतात, सगळ्यांदेखत.

"शिजली," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "भरा वं बायाहो."

एकदम गलका झाला. दीपकने मोटर लावली आणि व्हॉल्व्हचं चाक फिरवून फिरवून अर्ध्यावर आणलं. धार बारीक झाली. गुंड एकामागून एक भरू लागले. माझी गाडी दुपारची होती, निखिल घाई करत होता. पण दीपक फावडं घेऊन शेताकडे निघालेला दिसला आणि मी त्याच्या मागे गेले.

चारी जिथे दोन फाट्यांत फुटते तिथे तो थांबला. एक फाटा जवळच्या झेंडूला जात होता, दुसरा लांबच्या. लांबचा झेंडू जास्त दाट होता, कळ्या टपोऱ्या, काही तर केशरी दिसायलाही लागल्या होत्या. आता त्या तशाच सुकणार होत्या. दीपकने फावड्याने ओला चिखल ओढला, लांबच्या फाट्याच्या तोंडाशी टाकला आणि पायाने दाबला. पाणी क्षणभर तिथे घुटमळलं आणि जवळच्या वाफ्यांकडे वळलं. चिखलाच्या एका कडेने अजून बारीक धार पलीकडे निसटत होती.

तो ती बघत उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्याडम, हे बूच गळून राह्यलं."

मी चपला काढल्या, चारीत उतरले आणि दोन्ही हातांनी चिखल घेऊन तिथे थापला.